निळ्या खुणेतून

सरावली, बोईसर
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

आधी एक दुरुस्ती. रविवारच्या पत्रात मी लिहिलं होतं की स्वराच्या हनुवटीला तीन टाके पडले. दोनच आहेत. काल डॉक्टरांनी काढले तेव्हा मी मोजले. त्या दिवशी घाबरून तीन दिसले की न मोजताच लिहिलं, आता आठवत नाही. पण चुकीचं लिहिलेलं तसंच राहू नये, म्हणून हे सगळ्यात आधी.

जखम भरत आली आहे. खाली बारीक रेघ राहील, ती मान वर केल्याशिवाय दिसणार नाही असं डॉक्टर म्हणाले. ती मात्र आल्यागेल्याला मान वर करून दाखवते.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे आईंकरवी ओरडून कळवण्यासारखं नाही, म्हणून पुन्हा लिहिते आहे. महादू भाजी घेऊन इथे आला की त्याच्याकडे पाकीट देईन. तुम्हीही त्याच्याकडेच द्या.

तुम्ही विचारलंत, स्वराला गाडीत बसवायची ती लहान मुलांची सीट पुढे कशी कलंडली. पुन्हा लिहिते. ही सीट दोन्ही तोंडांनी बसते. मुलाची पाठ ड्रायव्हरकडे असेल तर गाडीचा पट्टा खालच्या निळ्या खुणेतून घालायचा. तोंड ड्रायव्हरकडे असेल तर मागच्या लाल खुणेतून. सोमवारी सकाळी आईंच्या सांगण्यावरून मी सीट फिरवली, म्हणजे पट्टा लाल खुणेतून हवा होता. दवाखान्याच्या आवारात पाहिलं तेव्हा तो निळ्यातून होता. म्हणून गेल्या गुरुवारी वासरू आडवं आल्यावर तुम्ही ब्रेक मारलात तेव्हा सीट जागेवर राहिली नाही आणि स्वरा पुढच्या सीटवर आपटली. मंगळवारी गाडी धुवायला तुम्ही सीट काढली होतीत, परत लावताना चुकलं असेल, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

सुजित म्हणतात की आता स्वरा त्या गाडीतून येणार-जाणार नाही. सध्या तिला तुमच्याकडे न पाठवता इथल्या पाळणाघरात ठेवते. गाडी काढून टाकायचंही त्यांनी तुमच्याशी बोलून ठरवलं म्हणे. मला वाटतं इतक्यात ठरवू नये. आजी-आजोबांना सहज वापरता येईल अशी दुसरी सीट मिळते का, ते मी बघते आहे. त्यासाठी तुम्ही दोन गोष्टी करून सांगा. सीटच्या बकलचं लाल बटण तुमच्या अंगठ्याने दाबलं जातं का? आणि मागच्या सीटवर डावीकडे पाठ करून सीट लावली, तर पुढे बसणाऱ्याचे गुडघे अडतात का? त्या सोमवारी हे मी विचारलंच नव्हतं.

आईंना नमस्कार. त्यांच्या कमरेचं कसं आहे?

तुमची,
अपेक्षा


माकुणसार
शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. सौ. अपेक्षा,

पत्र पोचलं. दोन टाके वाचून बरं वाटलं. एक कमी तर कमी.

तुझ्या दोन गोष्टी केल्या. बटण माझ्या उजव्या अंगठ्याने दाबलं जात नाही. बोटांचे सांधे आखडलेत. डाव्या हाताने, वर उजव्या हाताचा जोर लावला तर उघडतं. तुझ्या सासूला तर अजिबात जमलं नाही. म्हणाली, "लाटणं आणू का? का सांडशी आणू?" पुढच्या सीटवर मी बसून पाहिलं, गुडघे अडत नाहीत, पण सीट दोन खाचा पुढे घ्यावी लागते. म्हणजे तिथे बारक्या माणसानेच बसायचं.

तुझ्या सासूचं म्हणणं तुला माहीतच आहे. दिवसातून चारदा ऐकवते. "आमी दोन वर्सं पोरीला मांडीवर घेऊन फिरलो, एक ओरखडा नाय. सीट आणली नि पाचव्या दिवशी पोर फुटली." शेजारची नलू आली की तिलाही सांगते. तू मनावर घेऊ नकोस. तिचं तोंड तिखट आहे, पण रोज संध्याकाळी फाटकाचा आवाज झाला की तीच आधी उठून बघते.

आता मंगळवारचं. मी लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं.

कंपनीची बस मी एकतीस वर्षं चालवली. बोईसरच्या वसाहतीत तीन पाळ्यांची माणसं नेली-आणली. गाडी सोडण्याआधी चारी चाकांभोवती फिरायचो, पावसात सुद्धा. कुणी हसलं तर हसू दे म्हणायचो. त्या मंगळवारी सीट काढताना मी मुद्दाम बघून ठेवलं होतं की पट्टा कुठून जातो. निळ्या खुणेतून काढला आणि निळ्या खुणेतून घातला. मला ते डोळ्यांसमोर दिसतं, अजून दिसतं. पण तुझ्या लिहिण्याचा अर्थ, तू तो लाल खुणेतून घातला होतास. तू कंपनीत दिवसभर तपासण्याचंच काम करतेस, तुझी चूक कशी होईल? म्हणजे मला जे दिसतं ते खरं नाही.

याचीच धास्ती वाटते, पोरी. गेल्या आठवड्यात मी पंप चालू ठेवून बाजारात गेलो होतो. आधी त्याचं काही वाटलं नसतं. आता वाटतं, सुरुवात अशीच होत असेल. माझ्या वडिलांचं शेवटी तसंच झालं होतं, दारात उभं राहून दार शोधायचे. मी हिला सांगितलं, रोज सकाळी मला जुन्या ड्रायव्हरांची नावं विचार. ती विचारते, मी सांगतो. काल बुधाचं नाव आठवायला फार वेळ लागला. बुधा माझ्या लग्नात जेवण वाढत होता.

गाडीची किल्ली हिच्याकडे दिली आहे. तिने डाळीच्या डब्यात ठेवली. सुजितशी बोलणं झालंय. मुरबे गावचा एक जण रविवारी, ३० तारखेला गाडी न्यायला येणार आहे. त्याला हो म्हणालो. पोरीला काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं?

स्वराला पापा.

आत्माराम


सरावली
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. बाबा,

काल महादूने पाकीट दिलं तेव्हा मी कामावर निघाले होते. बसमध्ये वाचलं. बाजूला बसलेल्या प्रियंकाने विचारलं, "कोण वारलं का गं?" मी नाही म्हटलं.

तुमची आठवण खरी आहे. पट्टा निळ्या खुणेतूनच होता. तो तिथे मी घातला होता.

हे लिहिलं की हात थांबतो, म्हणून क्रमाने लिहिते. रविवारी, २ तारखेला संध्याकाळी, तुम्ही दोघं आमच्याकडे मुक्कामी होतात, तेव्हा मी पुस्तिका उघडून तासभर खपून सीट लावली. पाठ ड्रायव्हरकडे, पट्टा निळ्या खुणेतून. ते बरोबर होतं. मग आमच्या प्रयोगशाळेत लावतो तसं एक पांढरं लेबल सीटच्या कडेला चिकटवलं. 'तपासलं', तारीख, सही. तुम्ही बघून हसलात आणि म्हणालात, आता पोर पास झाली.

सोमवारी सकाळी सुजित पहिल्या पाळीला गेले होते. स्वराला बसवलं तेव्हा आईंनी विचारलं, "हे असं तोंड मागं का?" मी म्हटलं, "आई, लहान मुलांची सीट उलटी लावतात." आई म्हणाल्या, "नावातच उलटी हाय. पोर माकुणसारपर्यंत ओकत येईल. मी नाय बसवू देणार." मी समजावायला हवं होतं. दहा मिनिटं पुरली असती. पण कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. आदल्या महिन्यात माझ्या दोनदा उशिराच्या नोंदी झाल्या होत्या. मी सीट उचलून फिरवली, पट्टा होता तसाच ओढून घट्ट केला आणि धावले. लाल खूण मला आठवलीसुद्धा नाही. तुम्ही मंगळवारी पट्टा ज्या जागेतून काढलात त्याच जागेतून घातलात. तुम्ही इतकं बरोबर केलंत, म्हणूनच माझी चूक तशीच राहिली.

आमच्या कामात नियम आहे. मालात काहीही बदल झाला, की आधीचं लेबल फाडायचं आणि पुन्हा तपासायचं. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवते. आदल्या दिवशीची माझी सही त्या सीटवर तशीच होती. तुम्ही ती पाहिली असेल आणि विश्वास ठेवला असेल.

दवाखान्यात सुजितनी विचारलं, "तू सोमवारी नीट लावली होतीस ना?" मी हो म्हटलं. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं. मग आईंचं पांघरूण आणायला मी गाडीशी गेले आणि पट्टा पाहिला. माझं लेबल तिथेच होतं. बाबा, मी ते नखाने सोलून पर्समध्ये टाकलं. आत सुजित म्हणत होते, "म्हणजे मंगळवारी बाबांनी काढून लावली तेव्हा." तुम्ही बाकावर स्वराचा रक्त लागलेला फ्रॉक हातात घेऊन बसला होतात. तुम्हाला ते ऐकू आलं नाही. मी तिथे उभी होते आणि काही बोलले नाही. तीन दिवसांनी तेच पत्रात लिहिलं, 'चुकलं असेल' असं मोघम लिहिलं, म्हणजे खोटं वाटू नये. गेल्या पत्रात टाक्यांची दुरुस्ती केली ती का, ते आता तुम्हाला कळलं असेल.

काल स्वरा हनुवटीवर बोट ठेवून मला म्हणाली, "आजोनी बाऊ केला." हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिने घरात ऐकलं. ते घरात आलं माझ्यामुळे.

मला अक्षरओळख शाळेच्या आधी माझ्या पप्पांनी करून दिली, कंपनीतून आणलेल्या वाया गेलेल्या लेबलांच्या मागच्या बाजूवर. ते सांगायचे, सही अशी करायची की वाचता आली पाहिजे, म्हणजे कुणाला विचारायचं ते लोकांना कळतं. ते लेबल सोबत पाठवते आहे. थोडं फाटलं आहे, पण सही वाचता येते.

तुम्ही विसरायला लागलेला नाहीत. पंप कुणाचाही चालू राहतो. आईंना रोज नावं विचारायला लावू नका.

अपेक्षा


माकुणसार
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चि. अपेक्षा,

पत्र मंगळवारीच मिळालं होतं. तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. मला राग आला. बारा दिवस माणसाला स्वतःच्या डोक्याची भीती वाटत होती आणि तुला माहीत होतं. इतकं लिहिलं, पुरे. ते आता गेलं.

मग दुसरं वाटलं. बुधवारी सकाळी हिने विचारायला सुरुवात केली तसा म्हणालो, "बस झालं. बुधा, भिका, रामकिसन, दिग्विजय, पुढे हवे तर गाडीच्या नंबरासकट सांगतो." ही म्हणाली, "काय देव पावला काय?" मी काही सांगितलं नाही. पण दुपारी दोनदा जेवलो.

आता माझं ऐक. मलाही एक सांगायचंय.

आमच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे एक बाकडं होतं, त्यावर बसणाऱ्याची पाठ माझ्या पाठीला असायची. बाया तिथे बसायला कुरकुरायच्या, डोकं गरगरतं म्हणायच्या. पण एकतीस वर्षं मी आरशात बघत आलो. कचकन ब्रेक लागला की पुढे तोंड असलेले सगळे दांड्यावर आदळायचे. कुणाचा दात जायचा, कुणाचा चष्मा. त्या बाकड्यावरच्यांच्या फक्त पाठीला धक्का बसायचा. नंतर नंतर पोटुशी बाई चढली की मी तिला तिथेच बसवायचो. तेव्हा तू पोरीला पाठ करून बसवलंस ते मला त्या सोमवारी बघताक्षणी पटलं होतं. मी दोन पावलांवर उभा होतो. ही बोलली, तू गप्प झालीस, आणि मीही गप्प राहिलो. हिच्याशी सकाळी सकाळी कोण भांडतो. मी एक वाक्य बोललो असतो तर तुला सीट फिरवावीच लागली नसती. म्हणजे तुझी सही एकटीची नाही.

काल तेच बसचं हिला सांगितलं. बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "मग उलटी का म्हणता? पाठमोरी म्हणा ना. पाठमोरी बसली तर शेजारी माझं तोंड तरी बघेल." मी म्हटलं, "हेच तू त्या सोमवारी म्हणाली असतीस तर?" तर म्हणते, "मला कोणी नीट सांगितलं व्हतं?" शब्दावरून सगळं अडलं होतं बघ.

आता मुख्य. सुजितला यातलं काही सांगू नकोस. तो रागीट आहे. माझ्यावर रागावला, ते मी बाप म्हणून पचवतो. तुझ्यावर रागावला तर ते घरात रोज राहील, आणि पोर ते ऐकेल. म्हाताऱ्याचं चुकलं यात लोकांना नवल वाटत नाही. गाडी जाऊ दे. तशीही जुनी झाली. माझं डोकं शाबूत आहे हे मला कळलं, तेवढं पुरे. स्वराला तुम्ही रविवारी भेटायला आणा म्हणजे झालं.

लेबल परत पाठवतो. ते मी ठेवून काय करू? हिच्या हाती लागलं तर नलूपर्यंत जाईल.

आत्माराम

ता. क. किल्ली मी डब्यातून काढलेली नाही. फक्त एकदा बघून घेतली.


सरावली
बुधवार, २६ नोव्हेंबर

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, हे आधी लिहिते. दोन दिवस वाटलं. शनिवारी मी भाजी चिरताना गाणं म्हणत होते. सुजितनी विचारलं, "आज काय विशेष?" तेव्हा मला माझीच शिसारी आली. तुम्ही मला दिलेली मोकळीक मी घेऊनसुद्धा टाकली होती.

रविवारी सांगायचं ठरवलं. ते स्वराची नखं कापत होते. मी समोर बसले आणि सीटबद्दल बोलायला लागले. कोणत्या सीटचं बटण हलकं, कोणती जुन्या गाडीत नुसत्या पट्ट्याने घट्ट बसते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आता गाडीच नाही राहणार, तर सीट कशाला?" ते रागाने नाही म्हणाले. खाली बघून हळूच म्हणाले, "बाबांना मी फार बोललो गं दवाखान्यात." तिथे सांगायची जागा होती. मी उठून दूध गरम करायला गेले.

त्यांना वाटतं की त्यांचा बाप म्हातारा झाला. हे ते कुणाला सांगत नाहीत, पण पाळीवरून आले की तुमच्याच वयाच्या माणसांच्या आजारांबद्दल फोनवर वाचत बसतात. बाबा, तुम्ही पचवाल, पण ते काय पचवतायत हे तुम्हाला माहीत नाही. आणि स्वरा मोठी होईल. हनुवटीची रेघ कशाची, हे ती कधीतरी विचारेल. तिला मी काय सांगू? म्हणून तुमचं हे एक मी ऐकणार नाही. रागावले तर मला रागावू देत.

सीटचं ठरवलं आहे. ऑक्टोबरपासून बघत होते त्यातल्या सगळ्यात चांगल्या आता बाजूला ठेवल्या, कारण त्या माझ्या हातांसाठी चांगल्या होत्या. जी ठरवली तिचं बटण रुंद आहे. दुकानात मी ते हाताची मूठ मिटून, नुसत्या बोटाच्या पेराने दाबून पाहिलं. उघडतं. ती मागे डावीकडे लावायची, पाठमोरी. आई शेजारी उजवीकडे बसतील. पुढे डावीकडे कुणीच बसायचं नाही, म्हणजे सीट पुढे सरकवलेली चालेल. गाडी धुताना ती काढायची नाही, भोवतीनं पुसून घ्यायचं. स्वराला चार वर्षं होईपर्यंत किंवा पुस्तिकेतलं वजन होईपर्यंत ती फिरवायची नाही, कुणीही काहीही म्हटलं तरी. हे मी स्वतःलाच लिहिते आहे.

आणखी एक. पुन्हा विचार केला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी फक्त सोमवारी चुकले नाही. रविवारी मी लावली, मीच तपासली आणि मीच सही केली. आमच्याकडे करणारा आणि तपासणारा एकच असला तर ते तपासणं धरत नाहीत. नव्या सीटवर जे लेबल लागेल त्यावर दोन रेघा असतील. 'लावलं'च्या पुढे माझी सही. 'तपासलं'च्या पुढे तुमची. तुम्ही चाकांभोवती फिरता तसं सीटभोवती फिरायचं, ओढून बघायचं, आणि मनाला पटलं तरच सही करायची. नाही पटलं तर मला खाली उतरवून परत लावायला लावायचं, बसचा हॉर्न वाजत असला तरी.

पण त्यासाठी गाडी राहायला हवी. मुरब्याच्या माणसाला आजच नाही म्हणा असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. ते सुजितनीच तुम्हाला सांगायला हवं, सगळं कळल्यावर. एवढं मात्र माझ्यासाठी करा, रविवारी सकाळपर्यंत किल्ली डाळीच्या डब्यातच राहू द्या, कुणाला देऊ नका.

उद्या-परवा ते दुसऱ्या पाळीला आहेत, घरी येतात तेव्हा थकलेले असतात आणि मी तेच निमित्त करीन, हे मला ठाऊक आहे. म्हणून दिवस तुम्हाला लिहून कळवते आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही. त्या दिवशी त्यांना सुट्टी आहे. मी रजा टाकली आहे. सकाळी चहा झाला की फाटलेलं लेबल त्यांच्यासमोर टेबलावर ठेवीन, सही वरच्या बाजूला, आणि सोमवारच्या हॉर्नपासून सुरुवात करीन. स्वरा तिथेच असेल. 'आजोनी बाऊ केला' हे जिने ऐकलं, तिनेच हेही ऐकायला हवं.

शनिवार, २९ नोव्हेंबर.

तुमची,
अपेक्षा